डबीमागचं वाचणाऱ्या मॅडम

भाड्याची बोलणी झाली तेव्हा मॅडमनी अनामत मागितली नाही, करारही केला नाही. एकच अट घातली. या घरात तेल, पावडर, मलम, जे काही येईल ते आधी त्या वाचतील. त्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय ते कुणाच्या तोंडाला लागणार नाही.

गोरेगावला बसस्टँडकडून आठवडी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. समोरच्या खोलीत मी ब्युटी पार्लर काढलं. मी मूळची चिचगडची, गोंदियात कोर्स केलेला, वय पंचवीस. मॅडम कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायच्या. एकट्या राहायच्या. ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि ज्या गावात मोटरसायकलवालेसुद्धा हेल्मेट घालत नव्हते तिथे त्या मोपेडवर हेल्मेट घालून जायच्या. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण काळ्या दोऱ्यात बांधलेलं एक भिंग होतं. पोरं त्यांना 'लेबल मॅडम' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं.

भिंग शोभेचं नव्हतं. मॅडम छापलेलं सगळं वाचायच्या. लग्नाच्या पंगतीत लोणच्याची बरणी फिरवून मागची बाजू वाचायच्या. एकदा नवरदेवाच्या बापाच्या केसांना लावायच्या कलपाचं पाकीट त्यांच्या हाती लागलं आणि त्यांनी मांडवातच त्याला विचारलं, कानामागं खाज सुटते का म्हणून. सुटत होती. एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याची खोकल्याची बाटली मागून घेतली, तारीख पाहिली आणि देवरी येईपर्यंत त्याला ती उघडू दिली नाही. कुणाच्या मातीला, अंत्यविधीला गेल्या तर तिथेही उदबत्तीचा पुडा वाचायच्या. लोक हसायचे. पण औषध आणलं की त्यांच्याच ओट्यावर घेऊन यायचे.

मी एकदा विचारलं होतं, एवढं कशासाठी वाचता. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. वर्गात पुस्तकी बोलणाऱ्या मॅडम घरी तशाच बोलायच्या. म्हणाल्या, "माह्या बापाले वाचता येत नोहतं. नवेगाव बांधच्या तलावात मासे धरायचा, जिथं सांगतील तिथं आंगठा द्यायचा. दीक्षा घेतली तवा त्यानं ठरवलं, पोरगी वाचाले शिकन. आता वाचता येते, म्हणून वाचतो. दुसरं काय कारण पाहिजे?"

सुरुवातीला मला त्यांचा वैताग यायचा. नवीन क्रीम आलं की मॅडम कॉलेजातून येईपर्यंत ते टेबलावर बसून राहायचं. मग भिंग, मग वही. वहीत डबीचं नाव आणि त्याखाली आतल्या पदार्थांची यादी. त्यांच्या मते लेबल म्हणजे पंगत. जो सगळ्यात जास्त तो पहिल्या पानावर, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. "हा पाह्य," त्या बोट ठेवायच्या, "जाहिरातीत याचं नाव मोठ्ठं, अन पंगतीत हा अत्तराच्या मागं बसला. हा जेवाले नाही आला. हा फोटोपुरता आला."

त्या दिवसांत 'क्यू-टेन'चं वारं सुटलं होतं. टीव्हीवर, मासिकांत, गोंदियाच्या दुकानांत, जिकडे तिकडे सुरकुत्या थांबवणारं क्यू-टेन. माझ्या गिऱ्हाइकांनाही ते हवं होतं. चाळिशीच्या बायका यायच्या, धानाच्या बांधीत उन्हात वाकून वाकून कपाळावर आडव्या रेघा पडलेल्या, आणि विचारायच्या, ते नवीन आलं ते आहे का. मला वाटलं मॅडम उडवून लावतील. त्यांनी उलट खुर्ची ओढली आणि फेशियलला बसलेल्या दोघींना शिकवणीच दिली.

क्यू-टेन खोटं नाही, असं त्यांनी सांगितलं. ते आपल्या अंगात असतंच, प्रत्येक पेशीत. मग त्यांनी धानाच्या रोवणीचा दाखला दिला. बांधीत बाया रांगेनं रोवतात. पण एक जण पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या उचलून एकीकडून दुसरीकडे नेऊन देते. ती रोवत नाही, पण ती थांबली की सगळी रांग थांबते. अंगात जी ताकद तयार होते तिथे क्यू-टेन म्हणजे ती पेंढ्या पोचवणारी बाई. कामाला हात लावणारे एंझाइम, त्यांना सोबत करणारं हे कोएंझाइम. शिवाय ऊन आणि धूर यांनी पेशीत जी नासधूस सुरू होते, तिला आडवी येणारीही तीच. वय वाढतं तशी ती थकते, कमी होते.

"मग लावलं त फायदा होते का?" एकीनं विचारलं.

"थोडाफार होऊ शकते," मॅडम म्हणाल्या. "पण बाई बांधावर आनून उभी केली म्हनून रोवनी होते का? बांधीत उतराले पाहिजे. किती उतरते, हे डबीवर कोनी लिहीत नाही. तोवर डोक्यावर पदर घे अन शेंगदाने खा, मासे खा. त्यातई ते हाये."

बायका हसल्या. मी हसले नाही. त्या दोघी काही न घेता गेल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात, दोन हजार सात असावं, मॅडम पेपर तपासायला तीन आठवडे नागपूरला गेल्या. त्याच आठवड्यात गोंदियाहून एक टायवाला माणूस आला. गोड हिंदी बोलायचा. बॅगेतून पांढऱ्याशुभ्र मलमाच्या डब्या काढल्या, झाकणावर सोनेरी अक्षरांत क्यू-टेन. 'पंद्रह दिन में उमर रुक जाएगी, दीदी.' खोके वाहतुकीत खराब होतात म्हणून त्यानं सुट्या डब्याच आणल्या होत्या. डबीच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं. मी ते पाहिलं. पाहिलं आणि डब्या घेतल्या. हे मी आजही कुणाला सांगताना गाळत नाही.

पंधरा दिवसांत चेहरे खरोखर उजळले. डाग फिके झाले, कातडी गुळगुळीत दिसायला लागली. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं बहिणीला. चिचगडहून माझ्या गावच्या बायका बस बदलत यायला लागल्या. मी स्वतःही रोज लावत होते. आरशात बघून मला वाटायचं, आता कुठे माझा हात बसला. मॅडम परत आल्या तेव्हा मी डब्या खालच्या खणात टाकल्या आणि वर टॉवेल ठेवले. गिऱ्हाइकांना हळूच देत राहिले. असे तीन-चार महिने गेले.

ताराबाई ही माझी पहिल्या दिवसापासूनची गिऱ्हाईक. जवळच्याच खेड्यात अंगणवाडी सेविका. स्वभाव हसरा. दर महिन्याला मिटिंगला गोरेगावला आली की भुवया करून जायची. हे क्रीम तिनं सगळ्यांच्या आधी घेतलं होतं, आणि संपलं की लगेच दुसरं नेलं होतं. एक दिवस ती आली ती माझ्या दाराने नाही. शेजारच्या दाराने थेट मॅडमकडे गेली. मी पडद्याआडून पाहिलं. तिचा चेहरा फुगला होता, चपलेचे पट्टे पायात रुतले होते. गोंदियाच्या डॉक्टरांनी लघवीतून प्रथिनं जातात, मूत्रपिंडाला सूज आहे म्हणून सांगितलं होतं. तिला बीपी नव्हतं, शुगर नव्हती. हे कशानं झालं ते डॉक्टर शोधत होते, आणि ती औषधाची चिठ्ठी मॅडमकडून वाचून घ्यायला आली होती.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. मग तिला विचारलं, तोंडाला काय लावतेस.

दोन मिनिटांनी त्या माझ्या दारात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत.

"दाखव," एवढंच म्हणाल्या.

मी टॉवेल काढले. त्यांनी डबी उचलली, मागे वळवली, रिकाम्या जागेवर भिंग धरलं. तिथे वाचायला काही नाही हे दिसत असूनही बराच वेळ भिंग तसंच धरून ठेवलं. मग झाकण उघडलं. "क्यू-टेन पिवळं असते," त्या म्हणाल्या. "हळदीसारखं. हा म्हनते भरपूर टाकलं, अन हे त दुधाच्या सायीसारखं पांढरं होऊन राहिलं."

ताराबाईला त्यांनी ती डबी पिशवीत घालून दिली आणि हे क्रीम लावत होते असं डॉक्टरांना उद्याच सांगायला बजावलं. ताराबाई माझ्याकडे एकदाच बघून गेली.

रविवारी प्राचार्यांची परवानगी काढून मॅडमनी मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. मला वाटलं त्या करतील आणि मी बघेन. त्यांनी ॲप्रन माझ्या अंगावर टाकला. "तूच कर. माह्यावर कायले भरोसा ठेवतं?" तांब्याच्या दोन पट्ट्या मी काचकागदाने घासून लख्ख केल्या. आधी त्यांनी साधं कोल्ड क्रीम घ्यायला लावलं. सौम्य ॲसिडात ते टाकलं, पट्टी बुडवली, हलक्या आचेवर तापवलं. पट्टी काढून धुतली, तांबं ते तांबंच. मग माझं क्रीम. तेच ॲसिड, तीच आच. या वेळी पट्टीवर राखाडी थर चढत गेला. धुऊन काढली आणि त्यांनी हातमोजा घालून ती कापडानं घासायला सांगितली.

पट्टी चांदीसारखी चमकायला लागली.

"पारा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खिडकी सताड उघडली आणि स्टुलावर बसल्या. पाऱ्यानं कातडीचा रंग बनणं थांबतं, म्हणून चेहरा उजळतो. तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. हे त्यांनी वर्गात सांगतात तसं, पुस्तकी मराठीत सांगितलं. मी रडायला लागले तेव्हा थांबल्या नाहीत. माझं रडणं संपल्यावर वही पुढे केली. "किती जनीले देल्ली? नावं लिही."

चौतीस नावं झाली. पस्तिसावं माझं स्वतःचं लिहायला लावलं.

मी म्हटलं, निरोप पाठवू, फोन करू. कित्येकींकडे तेव्हा फोन नव्हता हे मलाही ठाऊक होतं. खरं तर मला त्यांच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "तुह्या हातानं देल्ली, तुह्याच हातानं वापस येईन. मी संगं येतो. पन बोलाचं तुले."

ते दिवस मी विसरणार नाही. कॉलेज सुटलं की मोपेडवर जवळची गावं, रविवारी एसटीनं लांबची. प्रत्येक दारात मी तेच वाक्य म्हणायची: मी दिलेल्या क्रीममध्ये विष आहे, ते परत द्या आणि लघवी तपासून घ्या. कुणी शिव्या दिल्या. कुणी डबी उकिरड्यावर फेकली तर मॅडमनी ती उकरून काढली, कारण पारा पावसानं बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, आणि तिथून माशात जाणार. एका घरी मला ओसरीवर चढू दिलं नाही. मॅडम मागे पाच पावलांवर उभ्या असायच्या. मी वाक्य अर्धवट सोडलं तर खाकरायच्या.

चिचगडची एक बाई, किराणा दुकानदाराची बायको, माझ्या आईच्या ओळखीची, ती डबी द्यायला तयार होईना. दोनदा गेलो, दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तिनं आम्हाला आत बसवलं आणि दार लोटून सांगितलं.

"मॅडम, वीस वर्साच्या संसारात मालकानं पयल्यांदा माह्या तोंडाकडे पाह्यलं. हे नेता तुम्ही. मंग मले काय देता?"

मॅडमनी पाणी मागितलं, प्यायल्या. मग जमिनीवर बसल्या, त्या बाईचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा काढला. तिथे सुजेचा खड्डा पडला होता आणि तो तसाच राहिला. तिघीही बघत होतो. तो भरून यायला फार वेळ लागला.

बाई उठली, आतून डबी आणून तिनं मॅडमच्या हातात दिली. मॅडम तिला तसंच घेऊन देवरीच्या दवाखान्यात गेल्या. मी बसस्टँडवर त्यांची वाट पाहत बसले, कारण बाईनं माझ्यासोबत यायला नकार दिला होता.

चौतीसपैकी एकतीस घरच्या डब्या मिळाल्या. दोन वापरून संपल्या होत्या आणि एक बाई कामाला रायपूरकडे गेली होती. तिच्या भावाकरवी मॅडमनी तिच्यापर्यंत निरोप पोचवला. तिनं ती डबी तिकडेच दवाखान्यात दिली, असं कळल्यावरच त्यांनी वही मिटली. मिळालेल्या सगळ्या डब्या पत्र्याच्या पेटीत सीलबंद करून त्या औषध निरीक्षकांकडे घेऊन गेल्या. कॉलेजातली चाचणी म्हणजे निकाल नव्हे, हे त्याच मला सांगत होत्या. सरकारी प्रयोगशाळेचं उत्तर यायला आठ महिने लागले. दर पहिल्या सोमवारी, रजा टाकून, त्या गोंदियाला जाऊन बसायच्या. तिथल्या शिपायानं त्यांच्यासाठी एक खुर्ची ठरवून टाकली होती. मधल्या काळात त्या टायवाल्यानं वकिलाची नोटीस पाठवली, बदनामी केली म्हणून. मॅडमनी ती भिंगाखाली धरून वाचली, तीन शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि रजिस्टर पोस्टानं परत पाठवली. अहवाल आला, त्यात पारा होता. टायवाल्याचं गोदाम सील झालं. तो स्वतः मात्र सापडला नाही.

या सगळ्यात माझं पार्लर बसलं. कोण येणार होतं? मी सकाळी झाडून, खुर्ची पुसून बसायची आणि संध्याकाळी उठायची. मी खोली सोडते म्हणाले तर मॅडमनी विचारलं, काऊन? मी म्हटलं, माझ्या हातांवर आता कुणाचा विश्वास नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, रस्ता माणसांनी भरलेला असताना, त्या कॉलेजला सुट्टी टाकून माझ्याकडे आल्या. दाराचा पडदा काढून घडी करून ठेवला. खुर्ची ओढून थेट उंबऱ्याजवळ आणली, रस्त्याकडे तोंड करून बसल्या, गळ्यातलं भिंग काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "कर फेशियल."

मी दही-बेसनाचं केलं. त्यांच्या कपाळावर, डोळ्यांच्या कडांना, ओठांभोवती बारीक बारीक रेघा होत्या, इतकी वर्षं उन्हात डोळे बारीक करून वाचल्याच्या. बायका थांबून बघायला लागल्या. लेबल मॅडम तोंडाला काहीतरी लावून घेऊन राहिल्या, ही बातमी भाजीच्या रांगेपर्यंत गेली. मॅडमनी डोळे मिटले होते. "जरा दाब," त्या म्हणाल्या, "मी काही काचेची नाही." तो तासभर मी कधी विसरले नाही. त्याच आठवड्यात दोघी-तिघी भुवया करायला आल्या.

निवृत्तीनंतर मॅडम नवेगाव बांधला भावाकडे राहायला गेल्या. तिथेच त्या वारल्या. घर भाच्याच्या नावावर झालं, मी मात्र अजून तिथेच आहे. मी कुठलंही मलम दुसऱ्याच्या तोंडाला लावण्याआधी आठवडाभर स्वतःच्या मनगटाला लावून बघते. कुणी सुरकुत्यांसाठी क्यू-टेन मागितलं तर आहे ते खरं सांगते. कधी विकलं जातं, कधी नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्या निवृत्त होण्याच्या आधीच्या वर्षातला एक दिवस. ताराबाईचं मूत्रपिंड बरंचसं सावरलं होतं. औषधं चालू होती, अंगणवाडीतही पुन्हा जाऊ लागली होती. गालावर दोन काळपट डाग राहिले होते, ते गेले नाहीत. मी तिच्या घरी तीन-चारदा गेले होते. ती पाणी द्यायची, बोलायची नाही. तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेही मला बाजारात दुसऱ्यांकडून कळलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. मॅडम माझ्याकडेच बसून पेपर वाचत होत्या. ताराबाई आत येऊन खुर्चीवर बसली, पदर खांद्यावरून मागे टाकला आणि अंबाडा सोडला.

"तोंडाले हात नोको लावजो," ती म्हणाली. "केसं कर."

मी मॅडमकडे पाहिलं. दुसऱ्याच्या बोलण्यात शिरून दोन गोष्टी समजावल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे, त्या मॅडमनी पेपर मिटला, उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि जाताना मधलं दार ओढून घेतलं.

मी ताराबाईच्या केसांत फणी घातली. थोड्या वेळानं तिनं मान मागे टेकवली.